पळालेल्या गड्याचा तास

ती मला रोज सकाळी तिच्या गाडीतून शाळेत न्यायची आणि रोज सकाळी मी तिचा हेवा करायचो. दोन्ही गोष्टी शेजारच्या एकाच सीटवर बसून कराव्या लागत, त्यामुळे शाळा येईपर्यंत मी दमलेला असायचो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मेलबर्नमध्ये क्लेटनच्या विद्यापीठात आम्ही दोघं शिक्षकाची पदविका करत होतो. माझी बायको नर्स आणि तिच्याच जोरावर आम्हाला या देशात यायला मिळालं होतं. मराठवाड्यातल्या कॉलेजातलं माझं एम.ए. इथल्या शाळेत शिकवायला पुरत नव्हतं, म्हणून तिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. त्याची तक्रार नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. वडील आणि काका दोघंही सालगडी. पाडव्याला मालकाशी वर्षाचा करार करायचा आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच्या शेतात, त्याच्या गोठ्यात, त्याच्या हाकेच्या अंतरावर राहायचं. अशा घरातला माणूस परदेशात विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून गरम हवेच्या झोतात पुस्तकं वाचतोय, हेच मला पुष्कळ होतं.

ती वसईची. ख्रिस्ती, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरी मराठी बोलणारी. आईवडील दोघं शिक्षक. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, पण पहिल्याच दिवशी मला ‘अरे’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ‘मास्तर’. प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी आम्हा दोघांना ग्लेन वेव्हर्लीच्या एकाच शाळेत पाठवलं होतं, इतिहासालाच, दहावीच्या दोन शेजारशेजारच्या वर्गांवर. आणि पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कळलं की पुढच्या वर्षी इतिहासाची एक जागा रिकामी होणार आहे. एकच.

“तुला मिळाली तर पार्टी हवी हं, मास्तर,” ती म्हणाली.

“आणि तुला मिळाली तर?”

“तर पण तूच दे. मी रोज पेट्रोल जाळते.”

असं ती बोलायची. मी हसायचो आणि मनात हिशेब चालायचा. हिचं इंग्रजी असं की फोनवर बोलली तर कोणाला कळणार नाही ती कुठली. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ती नावाने हाक मारते आणि तिला ते शोभतं. आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाई निवृत्तीला आलेल्या, उंच, करड्या केसांच्या. त्यांनाही सगळे नावानेच हाक मारत. माझ्या तोंडून ‘मॅडम’च निघायचं आणि त्या आत आल्या की माझे पाय आपोआप खुर्चीतून उठायचे. बाई म्हणायच्या, “बसा हो, मी काही राणी नाही.” मी बसायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचो.

विषय होता अमेरिकेतलं यादवी युद्ध. एक देश गुलामगिरीच्या प्रश्नावरून दुभंगत दुभंगत लढाईपर्यंत कसा गेला, हे दहावीच्या मुलांना शिकवायचं.

पहिला तास माझा होता. मी शनिवार-रविवार तयारी केली आणि मला जसं शिकवलं गेलं होतं तसंच शिकवलं. फळ्यावर सुवाच्य अक्षरात मथळा, खाली आकडे. युद्धाची कारणे. एक, उत्तर आणि दक्षिण यांच्या अर्थव्यवस्थेतील फरक. दोन, आयात करावरून मतभेद. तीन, राज्यांचे हक्क. चार, गुलामगिरीचा प्रश्न. पाच, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. आमच्या गावाकडच्या शाळेत इतिहास असाच असायचा. पानिपताची कारणे पाच, सत्तावन्नच्या उठावाच्या अपयशाची सहा. ज्याला सगळी आठवली त्याला पूर्ण गुण. त्या मुद्द्यांच्या जोरावरच मी तालुक्यात पहिला आलो होतो.

मुलांनी उतरवून घेतलं. दोघांनी घेतलं नाही, ती टेबलावर डोकं ठेवून झोपली. पुढच्या बाकावरच्या एका ग्रीक घरातल्या मुलीने हात वर केला. “चौथं नसतं तर बाकीच्या चारांवरून युद्ध झालं असतं का?”

मी म्हणालो, “सगळी कारणं महत्त्वाची आहेत.”

तास संपल्यावर मॅडम माझ्याजवळ आल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही त्यांना वाणसामानाची यादी दिलीत. स्वयंपाक कुठे आहे?”

दुसऱ्या दिवशी तिचा तास. एकमेकांच्या तासाला मागे बसून निरीक्षण करणं आम्हाला सक्तीचं होतं. ती वर्गात आली, डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि काही न सांगता बाकं दोन्ही भिंतींकडे ढकलायला लावली. मधे रिकामी जागा. डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. आणि ती स्वतः मधे उभी राहून दक्षिणेतला मळेवाला झाली. खुर्चीत रेलून, पाय पसरून, सावकाश, गोड आवाजात बोलायला लागली. माझ्या आजोबांनी जंगल तोडून ही जमीन केली. ही माणसं मी कायद्याने विकत घेतली. तुमच्या गिरण्या कुणाच्या कापसावर चालतात? तुमच्या गिरणीतल्या पोरांना मी जेवढं खायला घालतो तेवढं मिळतं का? आणि माझ्या राज्यात काय चालावं हा माझ्या राज्याचा हक्क, तुम्ही कोण ठरवणार?

मुलं चवताळली. माझ्या वर्गातल्यासारखी झोपाळू दोघं इथेही होती, तीसुद्धा उभी राहून ओरडत होती. घंटा झाली तरी कोणी हलेना. शेवटी तिने मत घेतलं आणि दक्षिण तीन मतांनी जिंकली. ती टाळ्या वाजवत हसली. “बघा, किती सोपं असतं! आता उद्या याला उत्तर शोधून आणा.”

मी मागे बसून निरीक्षणाच्या कागदावर ‘उत्कृष्ट’ लिहिलं. ते खरंच होतं. तिचं इंग्रजी, तिची गाडी, मुलांचं तिच्याभोवती गोळा होणं, या सगळ्याचा मला हेवा होताच. त्या दिवशी मात्र एका निराळ्याच गोष्टीचा हेवा वाटला. तिला मालक होता येत होतं. खुर्चीत रेलून तो आवाज काढता येत होता आणि तास संपला की टोपीसारखा तो काढून ठेवता येत होता. मला तो आवाज येत नव्हता असं नाही. मी तो लहानपणी रोज ऐकला होता. पण माझ्या तोंडून तो निघणं शक्य नव्हतं.

परतताना गाडीत तिनेच विषय काढला.

“काय रे? आवडला नाही का तास?”

“आवडला. दक्षिण जिंकली तेवढं बरं नाही झालं.”

“डिबेट आहे रे ते! मुद्दाम जिंकवली. आता ती चिडून वाचतील.”

“राज्यांचे हक्क, राज्यांचे हक्क म्हणून तू भाषण ठोकलंस. पण पळालेला गुलाम परत आणायचा म्हटल्यावर याच लोकांना केंद्र सरकारची पोलिसी ताकद हवी होती. उत्तरेतल्या राज्यांनी आपले कायदे करून नकार दिला, तेव्हा त्या राज्यांचे हक्क यांना चालले नाहीत.”

तिने सिग्नलला गाडी थांबवून माझ्याकडे पाहिलं. “हे तू वर्गात का नाही बोललास, मास्तर?”

मी तिला हिरवा झालेला सिग्नल दाखवला.

शुक्रवारी मॅडमनी सांगितलं की पुढच्या आठवड्यात आमचा प्रत्येकी एक तास मुख्याध्यापक स्वतः बघणार. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. विषय दोघांना सारखाच होता, पळालेल्या गुलामांचा कायदा. तडजोड म्हणून केलेला हा कायदा असा होता की उत्तरेतल्या साध्या माणसालाही पळालेल्याला पकडून द्यायला मदत करावी लागे, आणि आसरा दिला तर शिक्षा. माझा तास मंगळवारी, तिचा गुरुवारी.

शनिवारी बायको शिफ्टला गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो. मुद्दे काढायला लागलो आणि तिसऱ्या मुद्द्यापाशी हात थांबला, कारण मला काका आठवला.

मी पाचवीत असेन. वडील आणि काका एकाच मालकाकडे सालाने होते. श्रावणात काकाची मुलगी तापाने फणफणली. ती काकूबरोबर नदीपलीकडच्या गावी, काकूच्या माहेरी होती. काकाने मालकाकडे दोन दिवस मागितले. पोळा तोंडावर, बैलांचं कोण बघणार, म्हणून मालकाने नाही म्हटलं. सकाळी गोठ्यात काका नव्हता. उतारावरून नदी ओलांडून तो गेला होता. मुलगी बरी झाली, पण काका परत आला नाही. पलीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्याला ठेवून घेतलं. दयेने नाही, त्यालाही गडी हवा होता.

पहिले चार दिवस हे दोन मालकांमधलं प्रकरण होतं. मग आमचा मालक गावातल्या एकेकाला विचारायला लागला. गिरणीवाल्याला म्हणाला, तो तुझ्याकडे दळण घेऊन आला होता, तू मला का नाही सांगितलंस? गिरणीवाला म्हणाला, मी दळण दळतो, माणसं मोजत नाही. झालं, तो पलीकडच्या बाजूचा ठरला. न्हावी भीतीने खरं बोलला, तो अलीकडच्या बाजूचा. गुरुजींनी दोघांनाही समजवायला जाऊन दोघांचाही राग ओढवून घेतला. ज्याला यात पडायचंच नव्हतं त्यालाही कोणीतरी दारात उभं राहून विचारायचं, आणि त्याचं ‘मला काय ठाऊक’ हेसुद्धा उत्तर धरलं जायचं. वडिलांना मालकाने सांगितलं, जा, भावाला घेऊन ये. वडील नदीपर्यंत गेले, थोडा वेळ पाण्यात पाय सोडून बसले आणि परत येऊन म्हणाले, सापडला नाही. ते खोटं बोलले हे मालकालाही कळलं आणि मलाही.

पोळ्याला गावात दोन तोरणं बांधली गेली. आमच्याकडे वेशीत एकच तोरण असतं, त्याखालून मानाचा बैल आधी जातो आणि मग गावचे सगळे. त्या वर्षी पलीकडच्या बाजूचे ठरलेल्यांनी नदीकाठच्या शेतांच्या बाजूने दुसरं तोरण बांधलं. कोणाचे बैल कुठून जातात हे बघायला माणसं उभी होती. संध्याकाळपर्यंत काठ्या निघाल्या. गिरणीवाल्याचा हात मोडला. आदल्या पोळ्याला एकमेकांच्या बैलांना पुरणपोळी भरवणारी माणसं ती.

हे सगळं आठवलं आणि मला माझा तास सापडला.

सोमवारी सकाळी गाडीत बसल्याबसल्या मी तिला विचारलं, “सालगडी इंग्रजीत मुलांना कसा सांगशील? गुलाम नाही, कारण विकता येत नाही. मजूर म्हणावं तर संध्याकाळी घरी जाता येत नाही.”

“एका शब्दात नको सांगूस. काय काय करता येत नाही ते सांग. पण तुला कशाला हवंय?”

मग मी तिला काकाची गोष्ट सांगितली. ब्लॅकबर्न रोडवर गर्दी होती, गोष्ट पुरी झाली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

“अरे, हे सोनं आहे. कायदा असा दारात येऊन उभा राहतो... कुठल्याच पुस्तकात मला हे इतकं नीट कळलं नव्हतं. ऐक ना, गुरुवारी मी पण हे सांगू? तुझं नाव घेऊन, माझ्या सहकाऱ्याच्या घरी असं झालं म्हणून. ॲक्ट करून घेते मुलांकडून. तोरण, बैल, सगळं.”

मी कल्पना केली. ती खुर्चीत रेलून आमचा मालक होणार. मुलं हसणार, ओरडणार. गिरणीवाला कोण, न्हावी कोण, वर्गात वाटण्या होणार. आणि ते माझ्या तासापेक्षा शंभर पटींनी चांगलं होणार. मुख्याध्यापक मान डोलवणार.

“नको,” मी म्हणालो.

“का?”

“नको म्हणजे नको.”

“बरं बाबा. नो वरीज.” तिने रेडिओ लावला. शाळेपर्यंत आम्ही हवामानाचा अंदाज ऐकला.

मंगळवारी मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. फक्त एक नदी काढली, अलीकडे पाच घरं, पलीकडे पाच घरं. मुलांना सांगितलं की हे माझं गाव, आणि या नदीतून माझा काका पळाला. मुख्याध्यापक आणि मॅडम मागे बसले होते, त्यांच्या शेजारी ती. मग मी दहा मुलांना एकेक घर दिलं आणि स्वतः दारोदार जायला लागलो. मालक म्हणून नाही, तेवढं मी टाळलं. मी मालकाचा निरोप घेऊन आलेला माणूस झालो. तसा मी आधी होतोही, लहानपणी निरोप मीच पोचवायचो.

“तो तुझ्या घरावरून गेला का?”

गिरणीवाला झालेला मुलगा खांदे उडवून, इथल्या दोस्तीच्या सुरात म्हणाला, “मला काही घेणंदेणं नाही, मेट.”

“मालकाला काय सांगू? तुला घेणंदेणं नाही म्हणजे तू पाहिलंस आणि लपवलंस?”

“मी असं कुठे म्हणालो?”

“मग पाहिलं नाहीस असं शपथेवर सांगशील?”

त्याने शेजारच्या घराकडे पाहिलं. दहा घरं संपेपर्यंत अलीकडच्या घरांतली दोन मुलं पलीकडच्यांवर खरोखर चिडली होती. मग मी म्हणालो की आता ही नदी मोठी करा, घरं राज्यांएवढी करा. उत्तरेतल्या कित्येक माणसांना गुलामगिरीबद्दल फारसं काही वाटत नव्हतं, ती दूर होती. या कायद्याने ती त्यांच्या दारात आणून उभी केली. आधी वर्षानुवर्षं तडजोडी झाल्या होत्या. एक गुलामांचं राज्य घेतलं की एक मुक्त राज्य घ्यायचं, तराजू सारखा ठेवायचा. प्रत्येक तडजोडीने भांडण पुढे ढकललं आणि पुढच्या वेळी ते आणखी मोठं होऊन आलं. चर्चसुद्धा दुभंगली. कॅन्ससमध्ये वस्ती करणाऱ्यांनीच ठरवा म्हटलं, तर तिथे एका प्रदेशाची दोन सरकारं झाली आणि बंदुका निघाल्या. संसदेत एका सभासदाने दुसऱ्याला काठीने बडवलं. दोन तोरणं बांधून झाल्यावर काठी निघायला फार वेळ लागत नाही.

ग्रीक घरातल्या मुलीने हात वर केला. “सगळे सगळ्यांना विचारतायत. तुमच्या काकाला कोणी विचारलं?”

“नाही,” मी म्हणालो. आणि पुढचं मी ठरवलेलं नव्हतं, ते बोलता बोलताच सुचलं. “पण सुरुवात त्यानेच केली ना? तो नदीत उतरला नसता, तर दोन्ही मालक आणखी वीस वर्षं एकमेकांच्या लग्नांना जेवले असते. पळणाऱ्यांनी तडजोड चालू दिली नाही. मोठ्या लोकांच्या भाषणांत त्यांचं नाव नसतं, पण भाषणं करायची वेळ त्यांनीच आणली.”

ती म्हणाली, “मग ते तुमच्या यादीत पहिलं हवं होतं.”

वर्ग हसला. मीही हसलो. घंटा झाली. मुख्याध्यापकांनी हात मिळवला. मॅडम म्हणाल्या, “आज जेवलो आम्ही.” तिच्या निरीक्षणाच्या कागदावर दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात कौतुक होतं, कुठे हात आखडलेला नव्हता. मी ‘उत्कृष्ट’ एवढा एक शब्द लिहिला होता आणि तिने दोन पानं लिहिली होती. त्याचाही मला हेवा वाटला.

गुरुवारी तिने माझी गोष्ट वापरली नाही. तिने आसरा देणाऱ्या माणसावरचा खटला वर्गात उभा केला, न्यायाधीश, वकील, पंच. तो तास चांगला झाला. माझ्यापेक्षा चांगला होता की नाही हे मी आजही ठरवू शकत नाही, आणि हे मी पुष्कळदा ठरवायचा प्रयत्न केला आहे.

सरावाच्या शेवटच्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. जागा तिला देणार होते. इतिहासाबरोबर इंग्रजी आणि नाट्य शिकवणारं माणूस शाळेला हवं होतं. “तुमचा मंगळवारचा तास मी विसरणार नाही,” त्या म्हणाल्या. मी आभार मानले, आणि ते मनापासून मानले. बाहेर येऊन पाणी प्यायलो. त्या वर्षी स्टाफरूममध्येही दोन टेबलं झाली होती. इथल्या मूळच्या, आदिवासी लोकांची देशाने माफी मागावी की नाही, यावरून एकत्र बसणारे शिक्षक वेगवेगळे जेवायला लागले होते. मी रिकाम्या तिसऱ्या टेबलाशी जाऊन डबा उघडला.

ती पार्किंगमध्ये थांबली होती. गाडी सुरू न करता किल्ली हातात धरून बसली.

“तुला कळलं ना?”

“कळलं. अभिनंदन.”

“खोटं.”

“थोडं खोटं.”

“किती थोडं?”

“अर्ध्याच्या वर.”

ती हसली, मग डोळे पुसले. “मला वाटलं होतं तुला देतील. खरंच. त्या मंगळवारी मी मागे बसून जळले रे तुझ्यावर. माझ्याकडे असं काही नाही सांगायला. आमच्या घरी कोणी कधी पळालंच नाही.”

हे मला नवीन होतं. माझ्यावर कोणी जळेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. सरळ आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्यात काकाची तापाने फणफणलेली मुलगी आणि वडिलांचे पाण्यातले पाय मिसळलेले होते. तो आनंद नुसता घेता येईना.

गाडी निघाली. ब्लॅकबर्न रोडला लागल्यावर तिने पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

“पुढच्या वर्षी मला दहावीला हेच शिकवायचंय. दर वर्षी शिकवायचंय. तुझा तास बघितल्यावर दुसरं काही सांगायला लाज वाटेल. देशील का मला ती गोष्ट?”

हो म्हटलं असतं तर मी मोठा माणूस ठरलो असतो. ती गोष्ट तिने नीटच सांगितली असती, काकाचा अपमान केला नसता, उलट माझ्यापेक्षा जास्त मुलांपर्यंत ती पोचवली असती. हे सगळं मला कळत होतं.

“नोकरी तुला मिळाली,” मी म्हणालो. “काका माझा आहे.”

तिने मान हलवली. “फेअर इनफ, मास्तर.” आणि वळणावर इंडिकेटर दिला.

मला नोकरी पुढच्या फेब्रुवारीत लागली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वेरिबीला. पहिल्या महिन्यात मी फळ्यावर नदी काढली. त्या सत्राच्या शेवटी तिचा फोन आला, तास कसा झाला विचारायला, आणि मी तिला पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “मी लिहून नाही घेतलं हं. शपथ.” मी म्हणालो, “मला ठाऊक आहे.” तेवढा विश्वास माझा तिच्यावर होता. हेवाही तेवढाच राहिला.